रेंज फुल्ल, तरी नेट का अडतं?

हॉलमध्ये बसलं की सिनेमा न अडखळता चालतो. तोच फोन घेऊन मागच्या बेडरूममध्ये गेलं, की पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं. मुलांचा अभ्यास त्याच खोलीत, ऑफिसची मीटिंगही दार लावून तिथेच करायची. मग कोणीतरी सुचवतं, ‘‘एक रिपीटर लाव, काम होईल.’’ रिपीटर येतो आणि त्याच खोलीतल्या प्लगमध्ये बसतो. फोनवरचं वायफायचं चिन्ह टोकापर्यंत भरतं. रेंज फुल्ल. चक्र मात्र फिरतच राहतं.

रिपीटर लावणाऱ्या कितीतरी घरांमध्ये हे कोडं पडतं. त्याचं खापर कधी नेट देणाऱ्या कंपनीवर फुटतं, कधी रिपीटर बनवणाऱ्यावर. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं: रिपीटर चुकीच्या जागी बसलेला असतो. तो नेमकं काय करतो हे एकदा समजलं, की त्याची जागा शोधायला तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.

भिंती ओलांडताना

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. राउटर त्या सोडतो आणि ऐकतोही. फोन, लॅपटॉप आणि टीव्हीही तेच करतात. घरगुती वायफायसाठी मुख्यतः दोन पट्टे वापरले जातात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातल्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातल्या लहरीची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ च्या पट्ट्यातला मोठा भाग २०१८ मध्ये. परवाना लागत नाही म्हणून कोणीही राउटर विकत आणून लावू शकतो. त्याच कारणाने २.४ च्या पट्ट्यात फार दाटी असते. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या फ्लॅटमधले राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, चालू असलेला मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळ्यांच्या लहरी तिथेच.

घरातला राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्तीने बोलतो. ही शक्ती चहूकडे पसरते, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती चौथाई उरते. हा हिशेब मोकळ्या मैदानातला. घरात त्यात भिंतींची भर पडते. प्लायवुडचं पार्टिशन किंवा लाकडी दार लहरींना फारसं अडवत नाही. विटांची नऊ इंची भिंत बऱ्यापैकी अडवते. आरसीसीचा स्लॅब, कॉलम आणि लिफ्टची भिंत यांच्यात काँक्रीटबरोबर लोखंडी सळयांची जाळी असते, त्यामुळे त्यांच्यापुढे लहरींची फार मोठी हानी होते. कोकणातल्या जांभ्याच्या घरांची मुश्किल निराळी: दगडी भिंतीच इतक्या जाड, की एका खोलीचं वायफाय शेजारच्या खोलीत जेमतेम पोचतं. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा लहरी परतवून लावतात. पाणी त्या शोषून घेतं, म्हणून राउटर आणि बेडरूम यांच्यामध्ये बाथरूम येत असेल तर तिथल्या टाइल्स, नळ, आरसा आणि भरलेली बादली सगळ्यांकडे थोडाथोडा हिस्सा जातो.

भिंत तिरकी ओलांडावी लागली तर ती आणखी जाड होते. राउटरपासून निघालेली सरळ रेषा नऊ इंची भिंतीला पंचेचाळीस अंशांत छेदत असेल, तर लहरींच्या वाट्याला जवळजवळ तेरा इंच वीट येते. लांबट घरात शेवटच्या खोलीचे हाल होतात ते बऱ्याचदा यामुळे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान नेट देतात खऱ्या, पण जाड भिंतींपुढे त्या २.४ च्या लहरींपेक्षा लवकर हरतात.

एवढी सगळी गळती होऊनही वायफाय चालतं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. व्हिडिओ कॉल नीट व्हावा यासाठी जी पातळी पुरेशी मानतात, तिथे फोनच्या हाती राउटरने सोडलेल्या शक्तीचा पन्नास कोटींवा भाग येतो. तेवढ्यातून तो समोरच्याचा चेहरा आणि आवाज उलगडतो.

संकेत स्वच्छ असेल तेव्हा राउटर प्रत्येक क्षणात भरपूर माहिती भरून पाठवतो. संकेत क्षीण झाला, की चूक होऊ नये म्हणून तो तीच माहिती सावकाश, थोडी थोडी करून देतो. म्हणून दूरच्या खोलीत नेट एकदम जात नाही. आधी मंदावतं, मग अडखळतं, मग तुटतं. याचा त्रास त्या एका खोलीपुरता राहत नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. मागच्या खोलीतला फोन एक छायाचित्र पाठवायला खूप वेळ घेत असेल, तर तेवढा वेळ हॉलमधला टीव्ही आपली पाळी येण्याची वाट बघत थांबतो. दूरच्या खोलीतलं नेट सुधारलं की सगळ्या घराचं नेट हलकं होतं ते यामुळेच.

माजघरात उभा असलेला माणूस

जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढे आणा. आजोबा ओसरीवर बसलेत, काका मागे परसात विहिरीपाशी. आजोबांची हाक परसापर्यंत पोचत नाही. मग घरातला कोणी माजघरात उभा राहतो, आजोबांचं बोलणं ऐकून घेतो आणि परसाकडे तोंड करून तेच शब्द मोठ्याने उच्चारतो. काकांचं उत्तरही असंच ओसरीपर्यंत आणून पोचवतो. रिपीटर हेच काम करतो. तो नवं नेट तयार करत नाही, आलेली रेंज ताणत नाही. ऐकलेलं पुन्हा म्हणतो, बस.

आता हा माणूस माजघर सोडून थेट विहिरीपाशी काकांच्या शेजारी जाऊन उभा राहिला तर? काकांना त्याचा आवाज खणखणीत ऐकू येईल. पण त्याला स्वतःला आजोबांचे तुटक शब्दच मिळतील. तो ‘काय म्हणालात?’ असं पुन्हा पुन्हा विचारत राहील आणि एक वाक्य पोचवायला पाच पट वेळ लागेल. मागच्या बेडरूममध्ये लावलेल्या रिपीटरचं हेच होतं. फोनवरची फुल्ल रेंज एवढंच सांगते की फोनला रिपीटर छान ऐकू येतोय. रिपीटरला राउटर ऐकू येतोय का, हे फोनचं चिन्ह दाखवत नाही, आणि नेट तर तिथूनच यायचं असतं.

दुसरी गोष्टही या वाड्यातच दिसते. माजघरातला माणूस ऐकत असतो तेव्हा बोलू शकत नाही. प्रत्येक वाक्य आधी ऐकायचं, मग म्हणायचं. म्हणजे दुप्पट वेळ. रिपीटरने वेग निम्मा होतो असं म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. त्याकडे पुढे वळू.

विकत घेण्याआधी राउटर हलवून पाहा

राउटर बहुतेक घरांत तारवाल्याच्या सोयीने बसतो: मुख्य दारावर, चपलांच्या कपाटात, नाहीतर टीव्हीच्या मागे. दाराजवळचा राउटर आपली निम्मी शक्ती जिन्यात आणि लिफ्टकडे उधळतो. टीव्हीच्या मागे बसलेला धातूच्या पत्र्याआड दडतो.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा किंवा अगदी कमी खर्चाचा. राउटर घराच्या मध्याकडे आणा, उघड्यावर ठेवा, माणसाच्या छातीच्या उंचीपेक्षा वर ठेवा. फायबरची बारीक तार लांब करून द्यायला केबलवाल्याला सांगता येतं. ती तार आपण मात्र कोपऱ्यात करकचून मुडपू नये, आतल्या काचेच्या धाग्यातला प्रकाश गळतो. राउटरला बाहेर दांड्यांसारखे अँटेना असतील तर हे लक्षात असू द्या: लहरी दांड्याच्या चारही अंगांना पसरतात, टोकाच्या दिशेने जवळजवळ जात नाहीत. सगळे दांडे उभे असतील तर त्याच मजल्यावर चांगली रेंज मिळते. वरच्या मजल्यावर पोचायचं असेल तर एखादा दांडा आडवा करून बघावा.

याच वेळी आणखी एक तपासणी करून टाका. राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभं राहून, ५ गिगाहर्ट्झवर जोडून वेग मोजा. तिथेच तो तुमच्या प्लॅनच्या मानाने फार कमी भरत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या नेटमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. जे मुळात येत नाही ते रिपीटर पुढे पोचवू शकत नाही.

रिपीटरची जागा

एवढं करूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर रिपीटरकडे वळावं. नियम एकच आहे आणि तो आपल्या पहिल्या ओढीच्या उलट आहे: जिथे रेंज नाही तिथे रिपीटर लावायचा नाही. जिथे रेंज अजून चांगली आहे, अशा शेवटच्या जागी लावायचा.

ही जागा अंदाजाने शोधू नये. अँड्रॉइड फोनवर वायफायची पातळी आकड्यांत दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात. आकडा डीबीएम या एककात असतो आणि त्याच्याआधी उणे चिन्ह असतं. शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत बळकट. आकडा तीनने घसरला तर शक्ती निम्मी झाली, दहाने घसरला तर एक दशांश उरली. म्हणजे −६० आणि −७० यांत दिसायला थोडा, प्रत्यक्षात दहापट फरक आहे.

चौकट : आकडा काय सांगतो?
−३० : राउटरला जवळजवळ चिकटून
−५० : त्याच खोलीत, फार चांगला
−५५ ते −६५ : रिपीटर लावायला योग्य जागा
−६७ : व्हिडिओ कॉल नीट होण्याची साधारण मर्यादा
−७० : काठावर, रिपीटर याच्या पलीकडे नको
−८० : लेखी संदेश येतील, चित्र अडेल
−९० : नसल्यात जमा

फोन हातात घेऊन राउटरपासून मागच्या खोलीकडे सावकाश चालत जा. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा, कारण आकडा स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. −६० च्या आसपास जी जागा येईल तिथे जवळचा प्लग शोधा. फ्लॅटमध्ये ही जागा बहुधा हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी सापडते. तिथून एका बाजूला हॉल मोकळा दिसतो, दुसऱ्या बाजूला बेडरूमचं दार. दुमजली घरात जिन्याचा मधला टप्पा उत्तम, कारण स्लॅबला असलेलं एकमेव मोठं भोक म्हणजे जिना. जांभ्याच्या घरात दोन-तीन दारं एका रेषेत येतात ती रेषा पकडावी. दगडातून जाण्यापेक्षा लहरी दारातून जातात.

भिंतीतले प्लग पुष्कळदा जमिनीलगत, सोफ्याच्या किंवा पलंगाच्या मागे असतात. तिथे रिपीटर खोचला तर मोजून काढलेली जागा वाया जाते. एक्स्टेन्शन बोर्ड लावून तो उंचावर, मोकळ्यावर घ्यावा.

‘जास्त ताकदीचा’ रिपीटर घेऊन जागेची चूक भरून निघत नाही, हेही सांगायला हवं. वायफाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. रिपीटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि फोनचा आवाज राउटरपेक्षाही लहान असतो. फोनने दिलेली पोच परत आली नाही तर समोरचा तीच माहिती पुन्हा पाठवत राहतो.

निम्मा वेग मनावर घ्यायचा का?

एकाच चॅनेलवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, हे खरं आहे. पण निम्मा कशाचा, हे बघायला हवं. समजा, पॅसेजमधल्या त्या जागी राउटरकडून ४० एमबीपीएस मिळत होते. रिपीटरमागे बेडरूममध्ये २० मिळाले. एचडी दर्जाच्या चित्रपटाला ५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला त्याहूनही कमी. खोलीत दोघं-तिघं असले तरी २० मध्ये भागतं. माझ्या मते या निम्म्या वेगाची धास्ती गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. तोच रिपीटर बेडरूममध्ये लावला आणि तिथे राउटरकडून जेमतेम ४ एमबीपीएस येत असले, तर हाती २ लागतात. अडचण या निम्म्याची असते.

ज्यांना जास्त हवं त्यांनी दोन्ही पट्टे वापरणारा रिपीटर घ्यावा. तो राउटरचं बोलणं ५ गिगाहर्ट्झवर ऐकतो आणि त्याच क्षणी फोनशी २.४ वर बोलतो, किंवा उलट. दोन वेगळे रेडिओ असल्याने ऐकणं थांबवावं लागत नाही आणि निम्म्याचा फटका बराचसा वाचतो. फक्त २.४ वर चालणारे जुने, स्वस्त रिपीटर अजून दुकानांत दिसतात. दाटीच्या इमारतीत ते घेऊ नयेत.

खोक्यावरचे आकडे वाचताना सावध राहावं. ‘एसी १२००’ लिहिलेलं असतं तेव्हा २.४ च्या पट्ट्याचे ३०० आणि ५ च्या पट्ट्याचे ८६७ मिळवून, वर गोळाबेरीज करून तो आकडा आलेला असतो. ‘एसी ७५०’ म्हणजे ३०० आणि ४३३. हे रेडिओचे कमाल आकडे आहेत. कुठल्याही एका फोनला ही बेरीज मिळत नाही, आणि प्रत्यक्ष वेग त्याहून पुष्कळ कमी भरतो. तळाशी असलेलं तारेचं छिद्र १०० एमबीपीएसचं आहे की १ गिगाबिटचं, हेही विचारून घ्यावं. टीव्ही किंवा डेस्कटॉप तारेने रिपीटरला जोडायचा असेल तर याचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष जोडणी

जोडणी राउटरच्या खोलीतच करावी, मग रिपीटर त्याच्या जागी न्यावा. दूरच्या जागी जोडणी करायला बसलं, की ती मधेच तुटते आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

सोपी पद्धत बटणाची. राउटरवर आणि रिपीटरवर दोन्हीकडे डब्ल्यूपीएस असं लिहिलेलं बटण असेल, तर आधी राउटरचं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत रिपीटरचं. दोघं एकमेकांना ओळखतात, पासवर्ड आपोआप पोचतो.

बटण नसेल तर फोनवरून. रिपीटर चालू केला की वायफायच्या यादीत त्याचं स्वतःचं नाव दिसतं, त्याला फोन जोडायचा. रिपीटरला अजून नेट मिळालेलं नसल्याने फोन कुरकुर करतो आणि गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. मग रिपीटरचं पान काही उघडत नाही. म्हणून एवढ्या वेळेपुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा. रिपीटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाकायचा. पान उघडलं की आधी त्या पानासाठी नवा पासवर्ड ठेवायला सांगतं, मग आसपासच्या वायफायची यादी दाखवतं. त्यातून आपलं निवडायचं, घरच्या वायफायचा पासवर्ड अचूक घालायचा (लहान-मोठी अक्षरं जपून), आणि जतन करायचं. रिपीटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याला दोन मिनिटं द्यावीत.

एक बारीक गोष्ट राउटरच्या बाजूने करण्यासारखी आहे. रिपीटरला राउटरच्याच चॅनेलवर राहावं लागतं. राउटर ‘ऑटो’वर असेल आणि त्याने मधेच चॅनेल बदलला, तर रिपीटरला तो पुन्हा शोधावा लागतो आणि मागच्या खोलीतलं नेट थोडा वेळ जातं. असं वारंवार होत असेल तर राउटरला २.४ च्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल कायमचा नेमून द्यावा. हे तीनच चॅनेल एकमेकांच्या हद्दीत शिरत नाहीत. ३ किंवा ८ घेतला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते.

तीन ठिकाणी मोजा

रिपीटर जागेवर बसला की वेग तीन ठिकाणी मोजायचा: राउटरजवळ, रिपीटरजवळ आणि मागच्या खोलीत. शेवटच्या दोन ठिकाणी फोन रिपीटरलाच जोडलेला आहे याची खात्री करून घ्या.

रिपीटरला खेटून उभं राहूनही वेग कमीच असेल, तर रिपीटरला राउटर नीट ऐकू येत नाही. त्याला राउटरकडे सरकवा. रिपीटरजवळ वेग चांगला आणि खोलीत वाईट असेल, तर त्याला खोलीकडे सरकवा. एखाद्या मीटरनेही फरक पडतो, कधी कधी तर प्लगची बाजू बदलल्यानेही, कारण घरात लहरी भिंतींवरून परतून एकमेकींना काही जागी बळ देतात आणि काही जागी मारतात. बऱ्याच रिपीटरवर राउटरच्या संकेताचा दिवा असतो. तो लाल असेल तर फोनवरच्या फुल्ल रेंजवर विश्वास ठेवू नये.

एकच नाव की दोन?

रिपीटरच्या वायफायला राउटरचंच नाव द्यायचं की वेगळं, हा प्रश्न जोडणीच्या वेळी येतोच. मोजमाप होईपर्यंत वेगळं नाव ठेवावं, म्हणजे फोन कोणाशी बोलतोय हे दिसतं. जागा पक्की झाली की फोनसाठी एकच नाव सोयीचं.

इथे एक अडचण उरते. कोणाला चिकटायचं हे फोन स्वतः ठरवतो. हॉलमधून बेडरूममध्ये गेलं तरी तो राउटरचा क्षीण झालेला हात सहजी सोडत नाही. रिपीटर शेजारी असूनही नेट रखडलं, तर फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करावं. तो जवळच्याला जोडला जातो. जागचा न हलणारा बेडरूममधला टीव्ही मात्र वेगळ्या नावाने रिपीटरलाच बांधून ठेवलेला बरा.

माळ्यावरचा जुना राउटर

कंपनी बदलली की जुना राउटर माळ्यावर जातो. त्याच्यात रिपीटर किंवा ॲक्सेस पॉइंट असा पर्याय असेल तर नवं काही घ्यायची गरज नाही. त्याहून चांगलं म्हणजे त्याला मुख्य राउटरपासून तार देणं. मग मधल्या हवेतलं ऐकणं आणि पुन्हा म्हणणं संपतं, निम्म्याचा प्रश्नच राहत नाही, आणि तो थेट बेडरूममध्ये ठेवता येतो. साधी कॅट ५ई तार शंभर मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते. कुठल्याही घराला ती पुरून उरते.

जुन्या राउटरमध्ये तसा पर्याय नसेल तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. घरात जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक अंतर्गत क्रमांक देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. दोघांनी क्रमांक वाटले की गोंधळ होतो, म्हणून जुन्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करायचं. त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा करायचा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. आणि तार ‘वॅन’ लिहिलेल्या छिद्रात न घालता ‘लॅन’मध्ये घालायची. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा चुकते.

वीज गेली की

राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. पण प्लगमध्ये थेट बसणारा रिपीटर २३० व्होल्टवर चालतो, तो त्या यूपीएसला जोडता येत नाही. भारनियमनात राउटर जागा राहतो आणि मागची खोली नेटविना पडते. घरात इन्व्हर्टर असेल तर रिपीटर त्याच्या पॉइंटवर लावावा. नसेल तर वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा रिपीटर निवडावा, तो दुसऱ्या छोट्या यूपीएसवर टिकतो. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून घ्यावेत, कारण काही रिपीटर बारावर चालतात तर काही पाच किंवा नऊवर.

सुरक्षिततेबाबत थोडंच, पण ते करायला हवं. रिपीटर हा घराचा दुसरा दरवाजा आहे, त्याला कुलूप पहिल्याइतकंच हवं: डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. त्याहून जुनी डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. बटणाने जोडणी करणं ठीक, पण डब्ल्यूपीएसची पिनची सोय बंद करून टाकावी. ही पिन आठ आकडी असली तरी तिचे दोन तुकडे वेगवेगळे तपासले जातात, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्ये उघड झालं.

मेश, आणि शेवटी तार

‘मेश’ नावाने मिळणाऱ्या दोन-तीन डब्यांच्या संचातही माजघरातल्या माणसाचंच काम चालतं. फरक असा, की हे डबे एकमेकांशी ठरवून वागतात, फोनला योग्य वेळी जवळच्या डब्याकडे ढकलतात, आणि महागड्या संचांत डब्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी तिसरा, स्वतंत्र रेडिओ असतो. तीन-चार खोल्यांत माणसं फिरत असतात अशा मोठ्या घराला मेश शोभतो. एका अडलेल्या खोलीसाठी तो घेण्याचं कारण मला दिसत नाही. नीट जागी लावलेला दोन पट्ट्यांचा रिपीटर पुरतो. मेशच्या डब्यांनाही जागेचा तोच नियम लागू आहे. दुसरा डबा निर्जीव कोपऱ्यात ठेवला तर महाग संचही अडखळतो.

आणि ज्यांचं घर बांधून होतंय, किंवा जे वायरिंग आणि रंगकाम नव्याने काढणार आहेत, त्यांना एक विनंती. मुख्य दाराजवळ जिथे फायबर येतं तिथून प्रत्येक खोलीपर्यंत नेटवर्कच्या तारेसाठी भिंतीत एक नळी घालून घ्या, विजेच्या नळीपासून वेगळी आणि थोडी लांब. कॅट ६ तार नंतर कधीही ओवता येते. नळी मात्र प्लास्टर होण्याआधीच घालावी लागते, म्हणून इलेक्ट्रिशियनला ती पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.